गैरहजेरीची चार्जशीट आणि वेल्फेअर ऑफिसरची खुर्ची : एक प्रकरण अभ्यास

कारखान्यांतल्या कामगार कल्याण अधिकाऱ्यांच्या (सगळे त्यांना वेल्फेअर ऑफिसरच म्हणतात, मीही तेच म्हणते) कामावर मी रिसर्च करतेय आणि मुलाखतींमध्ये फिरून फिरून एकच गोष्ट येते, की आम्ही नक्की कुणाचे? पद कायद्यानं आलेलं, पगार कंपनीचा, आणि कामगार दारात येऊन थबकतो की इथं बोललेलं एचआरला कळणार तर नाही ना. हे प्रकरण २०२३ मधलं आहे. वेल्फेअर ऑफिसर मॅडम, तो ऑपरेटर, एचआर मॅनेजर आणि युनियनचे एक कमिटी मेंबर अशा चौघांशी वेगवेगळं बोलून लिहिलंय, चौघांची परवानगी आहे. कंपनी आणि राज्य सांगत नाही, एकदोन तपशील मुद्दाम बदललेत.

पार्श्वभूमी

लोखंडी कास्टिंग बनवणारी फाउंड्री. पर्मनंट आणि कंत्राटी धरून ५०० च्या वर माणसं, म्हणून फॅक्टरी ॲक्ट १९४८ च्या कलम ४९ प्रमाणं वेल्फेअर ऑफिसर ठेवणं भाग होतं. (आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवे लेबर कोड लागू झालेत आणि त्यातल्या ओएसएच कोडमध्ये (कामाच्या जागची सुरक्षा आणि आरोग्य यांचा कायदा) ही अट २५० वर आलीय, पण हे सगळं घडलं ते जुन्या कायद्याखाली, त्यामुळं पुढची कलमं जुनीच.)

हे पद आलं कुठून ते थोडं सांगते कारण पुढं त्याचा संबंध आहे. १९२९ साली नेमलेल्या रॉयल कमिशन ऑन लेबरनं १९३१ च्या रिपोर्टमध्ये लेबर ऑफिसर नेमा असं सुचवलं, आणि त्यामागचं मोठं कारण होतं जॉबर, म्हणजे मजूर भरणारा मुकादम. कामावर घ्यायचं कुणाला, काढायचं कुणाला, रजा कुणाला द्यायची हे सगळं जॉबरच्या हातात, आणि त्याचे तो पैसे खायचा. म्हणजे हा माणूस आणला होता तो कामगाराचं पोट एकाच्या मर्जीवर राहू नये म्हणून. नंतर कँटीन, युनिफॉर्म, बस, पाळणाघर सगळं याच पदाला येऊन चिकटलं.

आपल्या मॅडम एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) झालेल्या, या प्लँटला बरीच वर्षं. कागदावर वेल्फेअर ऑफिसर, प्रत्यक्षात ईएसआयचे (कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याचे) फॉर्म, कँटीनच्या तक्रारी, पतसंस्थेच्या अर्जांवर शिफारस, आणि एचआरचा एक एक्झिक्युटिव्ह सोडून गेल्यापासून त्याचंही अर्धं काम. हे 'अर्धं काम'च पुढं महागात पडलं.

ऑपरेटर फेटलिंग शॉपचा, ११ वर्षं सर्व्हिस, ईएसआयच्या २१,००० च्या पगार मर्यादेच्या आतला. फेटलिंग म्हणजे कास्टिंग साच्यातून निघालं की त्याला चिकटलेली वाळू आणि जादाचा धातू ग्राइंडरनं घासून काढायचा. ती वाळू म्हणजे सिलिका. धूळ ओढून घ्यायला एक्झॉस्ट होता पण त्यातली एक लाईन महिनोन्महिने बंद होती आणि शॉपमध्ये सगळ्यांना ते माहीत होतं.

अडचण

हा माणूस सलग १६ दिवस आला नाही. फोन नाही, चिठ्ठी नाही, त्याआधीही मधनंमधनं दांड्या होत्याच. स्टँडिंग ऑर्डरप्रमाणं (कारखान्याच्या नोकरी-शिस्तीच्या लेखी नियमांप्रमाणं) परवानगीशिवाय सलग दहा दिवसांच्या वर गैरहजर म्हणजे गैरवर्तन, त्यामुळं परत आल्यावर आठवड्याभरात त्याच्या हातात चार्जशीट, म्हणजे कंपनीचं आरोपपत्र. त्यानं उत्तरात लिहिलं "घरगुती अडचण होती, माफी असावी", एवढंच. एचआर मॅनेजरनी खात्यांतर्गत चौकशी लावली आणि मॅडमना सांगितलं की मॅनेजमेंट रिप्रेझेंटेटिव्ह (कंपनीची बाजू मांडणारी व्यक्ती) म्हणून तुम्ही उभ्या राहा, हजेरीचे कागद तर तुमच्याकडंच आहेत.

मॅनेजरची बाजूही सांगायला हवी. त्यांच्यासमोर फक्त हजेरीचा तक्ता होता, शॉप इन्चार्ज रोज येऊन प्रॉडक्शन पडतंय म्हणून ओरडत होता, आणि याला सोडलं तर बाकीच्यांना काय सांगायचं हाही प्रश्न खराच. मुलाखतीत ते म्हणाले, "मला कुणी काही सांगितलं असतं तर मी काय राक्षस आहे का?" राक्षस ते नाहीतच, पण त्यांना का सांगितलं गेलं नाही हाच तर मुद्दा आहे.

त्याच आठवड्यात ऑपरेटर पतसंस्थेच्या कर्जाचा अर्ज घेऊन मॅडमकडं आला. कारण लिहिलेलं घरदुरुस्ती. जामीनदाराची सही नव्हती, वजन दिसण्याइतकं उतरलेलं. मॅडमच्या कानावर आधीच एक कुजबुज आलेली, की त्याला कावीळ झालीय, कारण मुतारीत कुणीतरी लघवीचा रंग पाहिलेला आणि शॉपमध्ये दोन दिवस तीच चर्चा. रंग पिवळा नाही, नारिंगी-लालसर असं सांगणारा सांगून गेला होता. मॅडमनी पूर्वी टीबीवरचं एक ट्रेनिंग केलेलं, रिफाम्पिसिन हे टीबीचं औषध चालू असलं की लघवी नारिंगी होते हे तिथलं त्यांच्या डोक्यात राहिलेलं.

पहिला निर्णय : विचारायचं की नाही

हे वाटतं तेवढं सोपं नाही. आठवड्याभरात ज्याच्या विरुद्ध चौकशीत उभं राहायला सांगितलंय त्यालाच आजाराबद्दल विचारायचं, म्हणजे तो जे बोलेल ते आपण कुठल्या नात्यानं ऐकतोय? मॅडमनी आधी ते मिटवलं. त्याला सांगितलं की चौकशीला उभं राहायला मला सांगितलंय, मी अजून हो म्हटलेलं नाही, आणि आता तुम्ही काही सांगितलंत तर मी ते काम घेणार नाही एवढं नक्की. मग विचारलं, "कुठल्या गोळ्या चालू आहेत का?" टीबी हा शब्द त्यांनी काढला नाही.

तो बराच वेळ अर्जाची घडी घालत बसला आणि मग हेल्मेट उलटं करून आतल्या पट्ट्यात खोचलेली स्ट्रिप टेबलावर ठेवली. लॉकर दोघांत एक आहे म्हणून लॉकरमध्ये ठेवत नव्हता.

मग सगळं निघालं. फुप्फुसाचा टीबी, बाहेरच्या छातीच्या डॉक्टरकडं निदान, गैरहजेरीच्या त्या दिवसांतच औषधं सुरू, पाचवा आठवडा चाललेला. ईएसआयच्या दवाखान्यात का गेला नाही? तर तिथलं सर्टिफिकेट टाईम ऑफिसला (हजेरी ठेवणाऱ्या ऑफिसला) द्यावं लागतं आणि टाईम ऑफिसचा क्लार्क त्याच्याच शेजारी राहतो. दुसरं कारण जास्त खोलवरचं. आधी एका कंत्राटी पोराला टीबी झालेला तेव्हा त्याला 'बरा झालास की ये' म्हणून घरी पाठवलं आणि तो परत कधी गेटच्या आत आला नाही, हे यानं स्वतः पाहिलेलं.

आणि इथंच सगळा उलटा प्रकार झाला. ईएसआय कायद्याच्या कलम ७३ प्रमाणं कामगार आजारपणाचा लाभ घेत असताना मालक त्याला काढू शकत नाही, शिक्षा करू शकत नाही. वरून पगाराच्या ७० टक्के रक्कम वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळते, आणि टीबी दीर्घ आजारांच्या यादीत असल्यामुळं सर्व्हिसच्या आणि वर्गणीच्या अटी बसल्या तर त्यापुढं ८० टक्क्यांनी दोन वर्षांपर्यंतची सोय आहे. नोकरी जाईल या भीतीनं तो ज्या दारात गेला नाही, नोकरी वाचवणारं दार तेच होतं. योजना आहे म्हणजे पोचली असं धरून चालणाऱ्या सगळ्या वेल्फेअर रिपोर्टांवर माझा राग आहे तो यासाठीच.

कुठले पर्याय होते

मॅडमनी त्या संध्याकाळी वहीत तीन पर्याय लिहिले होते, वही मी पाहिलीय.

एक, चौकशीत उभं राहायचं आणि आतून सांभाळून घ्यायचं. बरेच वेल्फेअर ऑफिसर हेच करतात आणि त्यामागचा विचारही वाईट नसतो, निदान आपण आहोत तर फार कडक होणार नाही असा. पण एकदा त्या बाजूच्या खुर्चीत बसलेलं शॉपनं पाहिलं की पुढच्या वेळी हेल्मेट उलटं करून कुणी काही दाखवत नाही. शिवाय अनेक राज्यांच्या वेल्फेअर ऑफिसर नियमांत स्पष्ट आहे, की कामगारावरच्या शिस्तभंगाच्या प्रकरणात त्यानं पडायचं नाही आणि मॅनेजमेंटच्या वतीनं कामगाराविरुद्ध कोर्टात किंवा कन्सिलिएशनमध्ये (सरकारी अधिकाऱ्यापुढच्या तडजोडीत) उभं राहायचं नाही. नियम आहे, पाळला किती जातो ते कुठल्याही वेल्फेअर ऑफिसरला दोन चहांनंतर विचारा.

दोन, एचआर मॅनेजरना सरळ सांगून टाकायचं की टीबी आहे, चार्जशीट मागं घ्या. कामाचं, झटपट, आणि बहुतेक चाललंही असतं. पण तो म्हणाला होता, कुणाला सांगू नका.

तीन, गप्प राहून ईएसआयमार्फत सगळं सुरळीत करायचं. त्यात अडचण ही की आधीचे १६ दिवस तसेच उघडे पडतात, चार्जशीट त्यांचीच आहे.

यात आणखी एक प्रश्न होता जो वहीत नव्हता, मी विचारल्यावर त्या बोलल्या. बाजूला काम करणाऱ्यांचं काय? गुप्तता पाळायची तर त्यांच्या आरोग्याची जबाबदारी कुणाची? औषधं नियमित असली आणि जंतू त्यांना दाद देत असले तर साधारण दोनेक आठवड्यांत संसर्गाचा धोका बराच उतरतो, आणि याचा पाचवा आठवडा होता, म्हणजे आत्ताचा धोका कमी. पण औषधं सुरू व्हायच्या आधी तो कितीतरी दिवस खोकत त्याच शॉपमध्ये होता.

काय केलं

दुसऱ्या दिवशी त्याला परत बोलावलं आणि एका कागदावर दोघांनी मिळून लिहिलं की कुणाला काय सांगायचं. एचआरला : आजारी होता, कागद मी पाहिलेत. फॅक्टरीच्या डॉक्टरांना : सगळं. शॉप इन्चार्जला : धुळीपासून लांब ठेवा एवढंच. युनियनला : काही नाही, तो स्वतः सांगेल तेव्हा सांगेल. खाली त्याची सही. मला या सगळ्या प्रकरणात हा कागद सगळ्यात भारी वाटला, कारण 'गुप्त ठेवीन' असं तोंडी म्हणणं आणि कुणाकडं काय जाईल याची यादी कामगाराच्याच हातात देणं यात फार फरक आहे.

मग दोन वेगळ्या चिठ्ठ्या एचआरला गेल्या. पहिलीत फक्त भूमिकेचा मुद्दा, की मी वेल्फेअर ऑफिसर आहे, शिस्तभंगाच्या कामात उभी राहू शकत नाही, दुसरं कुणी नेमा. यात त्या कामगाराचं नावसुद्धा नाही, हे मुद्दाम. दुसरी चिठ्ठी चार दिवसांनी, रजेबद्दल. फॅक्टरी ॲक्टच्या कलम ७९ मध्ये पगारी रजेचा अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा असं आहे ते सगळ्यांना पाठ असतं, पण त्याच कलमाच्या सातव्या पोटकलमात म्हटलंय की आजारपणाचे दिवस भरून काढायला कामगार शिल्लक पगारी रजा मागत असेल तर अर्ज वेळेत आला नाही तरी ती द्यायची. त्याच्या खात्यावर पीएल (पगारी रजा) शिल्लक होती. १६ दिवस पीएलमध्ये टाका अशी मागणी केली, सोबत फॅक्टरी डॉक्टरांचा दाखला, की या काळात हा कामगार आजारी होता, कागदपत्रं मी तपासली आहेत. आजाराचं नाव नाही.

इथं अडलं. मॅनेजर म्हणाले, आजार कुठला ते कळल्याशिवाय सही करणार नाही. मॅडम म्हणाल्या, तुम्हाला आजार हवाय की आजारी होता याचा पुरावा हवाय? तीन दिवस फाईल तशीच पडली. शेवटी डॉक्टरांनीच मॅनेजरना सांगितलं की माझ्या सहीवर तुमचा विश्वास नसेल तर मला तसं लिहून द्या. मग सही झाली.

ईएसआयकडं तो मॅडमच्या आग्रहानं गेला, सर्टिफिकेट बंद पाकिटातून थेट मॅडमकडं यायचं असं ठरवून घेतलं. टाईम ऑफिसला फक्त तारखा जायच्या. बाहेरच्या डॉक्टरनी केस निक्षय या टीबीच्या सरकारी पोर्टलवर नोंदवलेली होती (खाजगी डॉक्टरांनाही २०१२ पासून टीबीची नोंद सक्तीची आहे), त्यामुळं निक्षय पोषण योजनेचे महिना ५०० रुपये, तेव्हा तेवढेच होते, त्याच्या खात्यात यायला लागले. पतसंस्थेचं कर्जही मिळालं, आणि अर्जावर घरदुरुस्ती खोडून 'वैद्यकीय' त्यानं स्वतः लिहिलं.

दुसरा निर्णय : बाकीच्या शॉपचं काय

डॉक्टरांनी त्याचा एक्सरे बघून सिलिकोसिसचा (सिलिकाच्या धुळीनं होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराचा) विचार करायला हवा असं म्हटलं. सिलिकाच्या धुळीत काम करणाऱ्याला टीबीचा धोका एरवीच जास्त असतो, आणि सिलिकोसिस फॅक्टरी ॲक्टच्या तिसऱ्या परिशिष्टात आहे, निघाला तर कलम ८९ प्रमाणं कळवावं लागतं. फिल्म स्पेशालिस्टकडं गेली, त्याच्यात सिलिकोसिस निघाला नाही. पण प्रश्न उघडा झाला तो झालाच.

मॅडम आणि डॉक्टरांनी मिळून फेटलिंगच्या सगळ्या पर्मनंट कामगारांची 'जनरल हेल्थ चेकअप' लावली, छातीच्या एक्सरेसकट. कारण कुणालाच सांगितलं नाही. त्यात आणखी एकाला टीबी निघाला, सुरुवातीचाच. एक्झॉस्टची बंद लाईनही त्या निमित्तानं दुरुस्त झाली, डॉक्टरांच्या रिपोर्टमध्ये तिचा उल्लेख आला म्हणून. मॅडम आधी दोनदा तोंडी बोललेल्या तेव्हा झाली नव्हती.

निकाल

चौकशी बंद झाली. पण चार्जशीट 'मागं घेतली' असं कुठंही लिहिलेलं नाही, समज देऊन प्रकरण मिटवलं असं पत्र आहे आणि ते पत्र त्याच्या फाईलला लागलेलं आहे. मॅडमना हे खटकतं, मॅनेजरना यात काहीच चूक वाटत नाही.

सहा महिन्यांचा कोर्स त्यानं पूर्ण केला, तपासणी निगेटिव्ह आली. दोन-अडीच महिने ईएसआयवर घरी होता, ८० टक्क्यांच्या लाभापर्यंत जायची वेळ आली नाही. परत आल्यावर फायनल इन्स्पेक्शनला बदली. धूळ नाही, काम बसून, आणि इन्सेन्टिव्ह गेला. फेटलिंगला पीस रेटवर जो इन्सेन्टिव्ह मिळायचा तो त्याच्या घरातला मोठा आकडा होता. मी विचारलं की एकूण समाधान आहे का, तर म्हणाला, "जीव वाचला, नोकरी वाचली, पण हप्ता कशातनं भरायचा ते कुणी सांगत नाही." धुळीतून बाहेर काढलं ते बरोबरच होतं, पण आजारामुळं बदली झालेल्याचा इन्सेन्टिव्ह काही महिने तरी सरासरीनं चालू ठेवा अशी मागणी कुणीच केली नाही. मॅडमच्या डोक्यात आली नाही, आणि युनियनला तर आजारच माहीत नव्हता.

मॅडमकडचं एचआरचं 'अर्धं काम' काढून घेतलं गेलं. त्या वर्षीच्या अप्रेझलमध्ये 'टीम प्लेअर' या रकान्यात मार्क कमी आले. दोन्हीचा संबंध आहे असं मॅनेजर म्हणत नाहीत.

वेगळं काय करता आलं असतं

भूमिकेबद्दलची चिठ्ठी चार्जशीट यायच्या कितीतरी आधी जायला हवी होती, ज्या दिवशी एचआरचं काम टेबलावर आलं त्या दिवशी. ऐन प्रकरणात नकार दिला की तो नियमाचा मुद्दा राहत नाही, त्या एका कामगाराची बाजू घेतली असाच दिसतो, आणि इथंही मॅनेजरना तसंच दिसलं.

ईएसआयचं सर्टिफिकेट बंद पाकिटातून, ही सोय एकट्यासाठी झाली. ती सगळ्यांसाठी कायमची करायला काहीच अडचण नव्हती, पण आजही नाहीये.

'जनरल हेल्थ चेकअप'बद्दल माझं आणि मॅडमचं पटत नाही. त्यांचं म्हणणं, कारण सांगितलं असतं तर बोट त्याच्याकडंच गेलं असतं. खरंय. पण मुळात आडोशाची गरजच नव्हती, कारण फाउंड्री पहिल्या परिशिष्टातल्या धोकादायक प्रक्रियांमध्ये येते आणि कलम ४१-सी प्रमाणं तिथल्या कामगारांची तपासणी बारा महिन्यांच्या आत एकदा व्हायलाच हवी. होत होती, वजन आणि बीपी पुरती. 'या वर्षीपासून धुळीसाठी एक्सरे' असं उघड लिहून लावलं असतं तर ते खरंही ठरलं असतं आणि त्याचं नावही कुठं आलं नसतं. वर दुसऱ्या वर्षी परत करावंच लागलं असतं. आत्ता ते एकदाच होऊन थांबलंय.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट कंत्राटी कामगारांची. फेटलिंगमध्ये तेव्हा १४ कंत्राटी पोरं होती, तेच ग्राइंडर, तीच धूळ, आणि चेकअपच्या यादीत एकही नाही. एचआरचं उत्तर, ती ठेकेदाराची जबाबदारी. फॅक्टरी ॲक्टमधल्या 'कामगार' या व्याख्येत ठेकेदारामार्फत लावलेला माणूसही येतो, हे मॅडमना माहीत होतं, त्यांनी ते तेव्हा ताणलं नाही, म्हणाल्या की एका महिन्यात दोन भांडणं झेपली नसती. पाच महिन्यांनी सेफ्टी कमिटीत युनियनच्या मेंबरनी मुद्दा काढला तेव्हा त्यांचे एक्सरे झाले. तोवर १४ मधले तिघं काम सोडून गेलेले. ठेकेदाराकडं त्यांचे मोबाईल नंबर होते, दोन बंद लागतात, तिसऱ्यानं फोन उचलला आणि कारखान्याचं नाव ऐकून ठेवून दिला. ईएसआयच्या रेकॉर्डवरून पत्ते मिळवायचं काम मॅडमनी सुरू केलंय, एक पत्ता मिळालाय.